नवजात बाळाचा टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) वाढलाय, पण डॉक्टर म्हणतात तात्पुरतं असू शकतं. मग थायरॉइड हार्मोनची गोळी न देता महिनाभर थांबलं तर चालेल का?

नाही चालणार. टीएसएच चढलेला आणि एफटी४ (ग्रंथीने बनवलेलं, रक्तातलं थायरॉइड हार्मोन) कमी असेल तर गोळी आजच सुरू करा. तात्पुरतं की कायमचं, हे बहुतेक वेळा मूल तीन वर्षांचं झाल्यावरच कळतं. तोवर मेंदूची वाढ काही तुमच्यासाठी थांबत नाही.

जन्मल्यावर पहिल्या दिवशी टीएसएच सगळ्याच बाळांचा उसळतो, म्हणून माझ्या लेकीच्या टाचेतून तिसऱ्या दिवशी रक्त घेतलं. तिचा उतरलाच नव्हता. शिरेतून पुन्हा घेतलं तर टीएसएच साठच्या पुढे, एफटी४ तळाला. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं: गरोदरपणी थायरॉइडच्या कुठल्या गोळ्या होत्या का, सिझरला किंवा बाळाच्या नाळेला आयोडीनचं औषध लावलं का. आयोडीन कमी पडलं काय, जास्त झालं काय, इवलीशी ग्रंथी काही काळ गप्प बसू शकते. आईच्या रक्तातली प्रतिपिंडंही हे करतात. आमच्याकडे कारण शेवटपर्यंत नक्की झालं नाही.

बारशाला मोठ्या जाऊबाई आल्या. "एवढं गुटगुटीत बाळ, आणि गोळ्या कसल्या कोंबताय? आमच्या वेळी नव्हतं असलं काही!" गुटगुटीत दिसणारच हो, आईकडून आलेलं हार्मोन सुरुवातीला सांभाळून घेतं. लांबलेली कावीळ, घोगरं रडणं, बाहेर आलेली बेंबी दिसायची वाट बघत बसलं तर तोवर उशीर झालेला असतो. बाईंचं माहेर मडगावचं, आणि गोव्यानेच २००८ साली नवजात बाळांची ही तपासणी सरकारी पातळीवर सुरू केली होती. हे मी तिथेच सांगितलं. घुगऱ्या न घेताच गेल्या.

डोस वजनावर, किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम. आमची तीन किलोची, म्हणून २५ ची दीड गोळी. नखाने अर्धी करायला गेलं की भुगाच होतो, त्यामुळे ब्लेडने कापायची, दोन चमच्यांत दाबून चुरडायची, काढलेल्या दुधाच्या चार थेंबांत कालवून बोंडल्याने द्यायची. बाटलीत घालू नका. बाळ दूध टाकतं आणि गोळी तळाशी राहते.

तीन वर्षांची झाल्यावर डॉक्टरांनी चार आठवडे गोळी बंद ठेवून रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. तर जाऊबाई म्हणतात, "बघ, उगाचच दिल्यास ना?" अहो, हाड जुळलं म्हणून प्लास्टर उगाच होतं का? ग्रंथी रुळेपर्यंत मेंदूला हार्मोन मिळालं ते त्या दीड गोळीतून. दिवाळीला हा विषय अजून निघतो.

हं, एक राहिलं. टीएसएच थोडासाच वर आणि एफटी४ व्यवस्थित असेल, तर डॉक्टर स्वतःच काही दिवस थांबून पुन्हा रक्त बघतात. तुमचं तसं असेल तर माझं वरचं "नाही" तुम्हाला लागू नाही. पण ते थांबणं त्यांनी तारीख देऊन ठरवलेलं हवं, घरच्यांनी नव्हे. बाळ मुदतीआधी जन्मलेलं असेल तर पहिला रिपोर्ट चांगला आला तरी काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घ्या. लोहाचे किंवा कॅल्शियमचे थेंब चालू असतील तर ते या गोळीसोबत नकोत, मध्ये काही तास जाऊ द्या.