अंगणातलं ग्रिल: ३६ हजारांचं, साडेअकरा हजारांचं की ३,८०० चं?

नेरूळच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. सिडकोचं रो-हाउस, मागे साधारण बारा बाय दहा फुटांचं अंगण. नवरा-बायको दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना ९४,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता ३३,५००; तो, घरखर्च आणि मुलाची शाळा-क्लास धरून ७१,००० जातात. १५,००० ची एसआयपी चालू आहे. अडीअडचणीला १,४०,००० ची मुदत ठेव. दिवाळीला मिस्टरांना २५,००० बोनस मिळतो. गेल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांचं कोळशाचं बार्बेक्यू चार वेळा मागून आणलं, दीर-जाऊ, पोरंटोरं मिळून नऊ जण जमले, सगळ्यांना फार आवडलं. आता शेजारी पनवेलला राहायला गेले आणि बार्बेक्यूही गेलं. मिस्टरांनी तीन बर्नरचं गॅसचं ग्रिल बघून ठेवलंय, ३६,००० चं, बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर. ताई म्हणतात, ३,८०० चं साधं पत्र्याचं घेऊ. दुकानदार ११,५०० चं झाकणवालं गोल ग्रिल दाखवतो. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं ४५,००० चं कोटेशन येऊन पडलंय. शेवटी त्या विचारतात, "काय करू, आणि ह्यांना नाही कसं सांगू?"

ताई, आधी तुमच्या पत्रातल्या एका आकड्याबद्दल बोलतो. चार. गेल्या हिवाळ्यात तुम्ही चार वेळा अंगणात निखारे पेटवले. फोनमधले ऑक्टोबर ते मार्चचे फोटो काढून एकदा मोजून घ्या, पण चार म्हणताय तर चारच धरू. ही वस्तू किती संध्याकाळी पेटणार, यावर सगळा हिशेब उभा आहे. दुकानातल्या किमतीच्या पाटीवर तो आकडा नसतो.

स्वतःचं ग्रिल असलं की वापर वाढतो, मागून आणायचा संकोच राहत नाही. पण "दर रविवारी" होत नाही. जूनपासून दसऱ्यापर्यंत पाऊस, एप्रिल-मे म्हणजे घामाच्या धारा, मधे परीक्षा, गुरुवार, मार्गशीर्ष, पाहुणे, लग्नसराई. मी तुमच्यासाठी वर्षाला दहा संध्याकाळी धरतो. हा अंदाज उदार आहे, कारण तुमच्या सिद्ध झालेल्या आकड्याच्या अडीच पट आहे.

आता गॅसचं ग्रिल. त्याची बाजू खरी आहे: बटण फिरवलं की पेटतं, राख नाही, पंधरा मिनिटांत तयार. मिस्टर म्हणाले असतील की कोळशापेक्षा गॅस स्वस्त. तेही खरंच आहे. झाकणवाल्या कोळशाच्या ग्रिलला एका संध्याकाळी दीड किलो कोळसा धरा, किलोला ८० रुपये म्हटले तर १२० रुपये. गॅसला साधारण एक किलो एलपीजी. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर किलोला ६३ रुपये पडतात. म्हणजे दर संध्याकाळी गॅसवर सत्तावन्न रुपये वाचतात. पण ते वाचवण्यासाठी तुम्ही आधी २४,५०० रुपये जास्त मोजणार. भागाकार केला तर ४३० संध्याकाळी होतात. वर्षाला दहा म्हणजे त्रेचाळीस वर्षं. इतकी वर्षं बर्नर टिकत नाही, आणि आज नववीत असलेल्या मुलालाही तेव्हा नातवंडांचे वेध लागलेले असतील.

तुमच्या घरी पाइप गॅस असेल तर आणखी एक गोष्ट. सिलिंडरसाठी बनवलेलं ग्रिल पाइप गॅसवर तसंच चालत नाही, दाब वेगळा, बर्नरचे जेट वेगळे. स्वयंपाकघरातून पाइप ओढून अंगणात नेणं तर स्वतःच्या हातानं करायचंच नाही. मग बाजारात मिळणारा ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्यावा लागेल, आणि तो किलोमागे घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो. वर जी थोडी बचत दिसते, तीही तिथे विरघळते.

नो कॉस्ट ईएमआयवर जरा थांबूया, कारण दसरा-दिवाळीच्या दिवसांत हा शब्द दुकानाच्या प्रत्येक काचेवर असतो. शून्य टक्के व्याज असा प्रकार मुळात अस्तित्वातच नसतो, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. म्हणून आता व्याज लागतंच, फक्त तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो. तुमचे ३६,००० बारा हप्त्यांत ३,००० प्रमाणे जाणार. व्याजदर १५ टक्के धरला तर त्यात मुद्दल साधारण ३३,२४०, व्याज २,७६०. या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्ही भरायचा, म्हणजे ४९७ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावर जीएसटी, आणखी २३५. झाले ७३० च्या वर. शिवाय रोखीने घेतलं असतं तर दुकानदाराने जी घासाघीस मान्य केली असती, ती गेली. हप्ता क्रेडिट कार्डावर असेल आणि एखादा महिना कार्डाचं बिल पूर्ण भरायचं राहिलं तर मग महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढतं, त्याचं वर्षाचं गणित मांडलं तर चाळिशीच्या घरात जातं.

आणि तुमच्या हातात महिन्याला मोकळे किती उरतात? ९४ मधून ७१ आणि १५ गेले, उरले ८,०००. त्यातले ३,००० वर्षभर ग्रिलला बांधले आणि बोनस आला नाही, तर गच्चीचं काम पुढच्या पावसाच्या आधी होत नाही. माझ्यासाठी तिथेच ३६ हजारांचा विषय संपतो. छत गळत असताना अंगणात हप्त्यावरची वस्तू आणू नये.

मग तुमचं ३,८०० चं बरोबर का? इथे मी तुमच्या बाजूने जितका हिशेब करता येईल तितका केला. पत्र्याचं उघडं ग्रिल दोन हंगाम टिकलं तर वीस संध्याकाळींना भागून १९० रुपये. झाकण नसल्याने कोळसा जास्त लागतो, दोन किलो धरा, १६० रुपये. एकूण ३५०. मधल्या ग्रिलला ११,५००, वर कव्हर, चिमटा आणि कोळसे पेटवायची चिमणी (पत्र्याचं नळकांडं) मिळून २,५००, पाच वर्षांत एकदा जाळी बदलायला १,५००. एकूण १५,५००. पन्नास संध्याकाळींत ३१० आणि कोळसा १२०, म्हणजे ४३०. गॅसचं आठ वर्षं टिकलं असं मानलं तरी ५१३, पाचच वर्षं टिकलं तर ७८० च्या पुढे.

म्हणजे निव्वळ आकड्यात तुमचं पत्र्याचं ऐंशी रुपयांनी स्वस्त आहे. अट एकच, ते दोन हंगाम टिकायला हवं. नेरूळला पाम बीचच्या बाजूने येणारी खाडीची हवा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. खिडकीच्या ग्रिलला दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो ना? मग नखाने वाकेल इतक्या पातळ पत्र्याचं काय होत असेल? ठाण्यात मी असंच एक घेतलं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी बांगडे भाजले, रात्र झाली म्हणून राख तशीच ठेवली आणि पाऊस सुरू झाला. जुलैत ताडपत्री उचलली तर राखेचा ओला करडा लगदा झाला होता आणि बोट लावल्यावर तळ खाली आला. कोरडी राख निरुपद्रवी असते, ओली झाली की पत्रा खाते. त्या एका हंगामात मला ते प्रत्येक संध्याकाळी ३८० रुपयांना पडलं, कोळसा वेगळा.

ऐंशी रुपये जास्त देऊन तुम्ही काय विकत घेता, तर झाकण. ही गोष्ट लहान वाटते, पण सगळा फरक तिथेच आहे. १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा, तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनत. उघड्या शेगडीवर वारा-पावसात जेवण बिघडतं म्हणून त्याने बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्या अर्ध्याला मूठ. आजचं गोल ग्रिल त्यातूनच आलं. उघड्या शेगडीवर दिवाळे गावातून आणलेले बांगडे झकास होतात, कारण त्यांना दहा मिनिटांची जोरदार आच पुरते. पण कोंबडीची तंगडी बाहेरून काळी होते आणि हाडाशी लाल राहते. पोरांना वाढताना हे चालणार नाही, आत ७४ अंश सेल्सिअस तापमान यायलाच हवं. झाकण असलं की निखारे एका बाजूला सारून दुसऱ्या बाजूला तंगडी सावकाश शिजते. सासूबाईंसाठी वांगं अख्खं भाजून भरीत होतं, त्यांची जाळी मात्र वेगळी ठेवा. धूर शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर कमी जातो. आणि जेवण झाल्यावर झाकण लावून खालची-वरची भोकं बंद केली की निखारे विझतात, उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. दीड किलोचा हिशेब त्यामुळेच जमतो.

दुकानात काय बघायचं तेवढं सांगतो. झाकण ठेवून चारी बाजूंनी फट बघा, काठावर इनॅमल उडालेलं आहे का ते बोट फिरवून बघा. जुन्या इनॅमलच्या मगाला जिथे टवका उडतो तिथूनच गंज लागतो, तसंच इथे. स्टीलची जाळी असेल तर ३०४ ग्रेडचं, म्हणजे सहसा न गंजणारं स्टील मागा. दुकानदार चुंबक लावून दाखवेल की चिकटत नाही, पण २०२ ग्रेडचं हलकं स्टीलही चुंबकाला बहुधा चिकटत नाही, तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या. बिडाची जाळी मिळाली तर उत्तम, तिला बिडाच्या तव्यासारखं तेलाचं बोट लावून ठेवायचं. भिंतीपासून आणि ताडपत्रीपासून चांगलं लांब, मोकळ्यावर पेटवा. पाऊस आला म्हणून बंद पॅसेजमध्ये नेऊ नका, निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. पेटवायला रॉकेल-पेट्रोल तर कधीच नाही.

जुनं मिळतं का तेही बघा. टॉवरमध्ये राहणारे हौसेने घेतात, सोसायटी बाल्कनीत कोळसा पेटवू देत नाही, मग दोनदा वापरलेलं ग्रिल कोपऱ्यात पडून राहतं. तळ आणि झाकण ठीक असेल तर निम्म्या किमतीला आनंदाने घ्या.

आता पैसे कुठून. काटेकोर नियम सांगायचा तर तुमची १,४०,००० ची ठेव जेमतेम दोन महिन्यांचा खर्च आहे, सहा महिन्यांचा म्हणजे सव्वाचार लाख हवा, आणि तोवर चैन नको. मी तुम्हाला तसं सांगणार नाही. नऊ माणसं एका अंगणात जमतात, ही माझ्या मते खर्च करण्यासारखी गोष्ट आहे. आपल्याकडे पनवेल-अलिबागच्या बाजूला थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याचा पाला लावून पोपटी पेटवतात, ती काय पोट भरायला? पण ठेवीला आणि एसआयपीला हात लावायचा नाही. बोनसच्या २५,००० मधून १४,००० ग्रिलला, उरलेले ११,००० गच्चीला. गच्चीसाठी मग ३४,००० हवेत. नोव्हेंबरपासून दर महिन्याचे ८,००० बाजूला काढले की मार्चच्या पगाराला रक्कम पूर्ण होते आणि एप्रिलमध्ये, गच्ची कोरडी ठणठणीत असताना काम निघतं. मे महिन्यापासून तेच ८,००० ठेवीत. बोनस आला नाही किंवा कमी आला तर ग्रिल पुढच्या वर्षी. या हिवाळ्यात चार विटा, एक जाळी आणि बांगडे, त्यावरही चार संध्याकाळी छान होतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मागे वाशीला बाहेर जेवायला गेलात तेव्हा चौघांचं जे बिल झालं असेल, ते आठवून "ग्रिलमुळे एवढे वाचतील" असं धरू नका. हॉटेलात जायचं ठरलेली संध्याकाळ घरी झाली, तरच ते वाचले. नव्याने जमलेल्या संध्याकाळीला मासळी, चिकन, कोळसा हा वाढलेला खर्चच आहे. नऊ जणांसाठी दीर-जावेने मासळी आणायची, तुम्ही कोळसा आणि कांदा-लिंबू, असं आधीच ठरवून टाका. घरच्यांत त्याचा संकोच नको.

मिस्टरांना नाही म्हणायची वेळच येत नाही, ताई. त्यांना एका शनिवारी दुकानात घेऊन जा. ११,५०० चं झाकण त्यांच्याच हाताने उचलू द्या, वजन हाताला लागू द्या. मग त्यांना ४३० संध्याकाळींचा भागाकार दाखवा आणि वॉटरप्रूफिंगचं कोटेशन शेजारी ठेवा. पहिली तंगडी झाकणाखाली त्यांनाच भाजायला द्या, आणि त्या रात्री राख गार झाली की डब्यात काढायचं कामही त्यांच्याकडेच.