थ्री-नॉट-थ्री पहिल्यांदा हातात घेताना

अरे मित्रा, एनसीसीत थ्री-नॉट-थ्रीची (.३०३ ची जुनी बोल्टवाली रायफल) डीपी मिळाली म्हणजे मजा आहे तुझी. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फायर न करायची. तरी सवय खऱ्या बंदुकीचीच लाव.

१) मॅगझिन काढलं म्हणजे रिकामी झाली असं नसतं! चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या तोंडाशी गोळी बसते ती जागा) एक राऊंड म्हणजे गोळी राहू शकते, म्हणून बोल्ट (मागचा सरकता खटका) मागे ओढून डोळ्याने बघ, मग करंगळी घालून चाचपून बघ, आणि तोवर नळी कुणाकडेही नको, चापावर बोटही नको.

२) घासू नको. मी सुरुवातीला एका संगिनीवरचा शिक्का पॉलिशने चमकवता चमकवता पार घालवला, अजून जीव चुटपुटतो. बोल्टच्या मागे, दस्त्याच्या गळ्यापाशी उजवीकडे बघ, मुकुट, जीआरआय म्हणजे राजा-सम्राट जॉर्ज, खाली इशापूर (बंगालमधला रायफलींचा कारखाना) आणि साल. १९४२-४३ दिसलं की समज, दुसऱ्या महायुद्धातला माल. १० राऊंडचं मॅगझिन असेल तर .३०३, चौकोनी १२ चं असेल तर बहुतेक ७.६२ ची टू-ए-वन, म्हणजे इशापूरचीच तशीच दिसणारी रायफल, ती साठच्या दशकातली, नवे लोक इथंच फसतात.

३) लाकडाला कच्चं जवसाचं तेल, दोन-चार थेंबच. (हो, आपल्या चटणीतलंच जवस.) सोलापूरच्या उन्हात लाकूड लई सुकतं.

विकत घ्यायच्या भानगडीत पडू नको, .३०३ प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेली, जुन्या वाड्यात सापडली तर हात न लावता पोलिसांना कळव.

इतिहास हवा तर नळदुर्गला जाऊन ये, १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या हैदराबादवर निघालेली भारतीय फौज सोलापूरहूनच तिकडून गेली. बोल्ट खोलायचं नंतर बघू.