नववीच्या परीक्षेसाठी रशियन राज्यक्रांतीच्या तयार नोट्स पुरतात का, की मुलाने स्वतः काढाव्यात?

तुमचा मुलगा केंद्रीय मंडळाच्या शाळेत नववीत आहे, रशियन राज्यक्रांतीच्या धड्यातील पक्ष आणि तारखा यांत त्याचा गोंधळ उडतो, आणि क्लासने दिलेल्या दोन पानी नोट्स पाठ केल्या तर भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. उत्तीर्ण होण्यापुरते भागेल. तरीही हे उत्तर सविस्तर लिहायला बसले आहे, कारण अशाच एका दीड पानी नोट्सची मूळ लेखिका मी आहे आणि त्यातल्या एका वाक्यावरून माझ्या थोरल्या भावाशी माझा गेली पंधरा वर्षे वाद चालू आहे.

दादाचा नाशिकला क्लास होता. पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत तो चाले आणि बाकांवर कायम पिठाचा पातळ थर असे. मी इतिहासात एम.ए. केलेले, मुलगी लहान म्हणून घरी होते, तेव्हा दादाने इतिहासाच्या नोट्सचे काम माझ्याकडे दिले. मुले इंग्रजीत उत्तरे लिहीत आणि समजून मराठीत घेत, म्हणून मी आधी मराठीत विचार करून मग इंग्रजीत उतरवत असे. रशियाच्या धड्यासाठी मी मे महिन्याच्या सुट्टीत अठरा पाने लिहिली. दादाने जेवणाच्या टेबलावर बसून, लाल बॉलपेनने, आमटी निवायच्या आत त्यातली साडेसोळा पाने काढून टाकली. उरलेल्या दीड पानात, मी जिथे सन 1903 वर तीन पाने लिहिली होती तिथे, त्याच्या अक्षरात एक वाक्य होते: ‘बोल्शेव्हिक म्हणजे बहुसंख्य, बहुसंख्य जनतेचा पाठिंबा असल्यामुळे त्यांनी ऑक्टोबर 1917 मध्ये सत्ता घेतली.’

या वाक्याचा पूर्वार्ध शब्दार्थ म्हणून बरोबर आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रशियन सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्षाचे दुसरे अधिवेशन 1903 मध्ये ब्रुसेल्सला भरले आणि बेल्जियमच्या पोलिसांचा ससेमिरा लागल्यामुळे ते लंडनला हलवावे लागले. पक्षाचा सभासद कोणाला म्हणायचे, यावर तिथे वाद झाला. पक्षाच्या एखाद्या शाखेत स्वतः काम करील तोच सभासद, असे लेनिनचे म्हणणे होते; शाखेच्या मार्गदर्शनाखाली नियमित साहाय्य करणाराही सभासद धरावा, असे त्याचाच सहकारी मार्तोव्ह याचे होते. या मुद्द्यावर मतदान झाले तेव्हा लेनिन हरला. पुढे ज्यू कामगारांच्या ‘बुंड’ संघटनेचे पाच आणि आणखी दोन असे सात प्रतिनिधी वेगवेगळ्या कारणांनी सभात्याग करून गेले, मार्तोव्हची बाजू तेवढी हलकी झाली, आणि पक्षाच्या मुखपत्राचे संपादक व मध्यवर्ती समिती निवडताना लेनिनच्या गटाला बहुमत मिळाले. तेवढ्यावरून त्याचा गट बोल्शेव्हिक, म्हणजे बहुमतवाले, आणि समोरचा मेन्शेव्हिक, म्हणजे अल्पमतवाले. रशियातील कामगारांनी, शेतकऱ्यांनी किंवा सैनिकांनी यात एकही मत दिलेले नव्हते. मार्तोव्हच्या मंडळींनी ते नाव निमूटपणे स्वीकारले, हा त्यांचा भाबडेपणा म्हणावा लागेल.

दीड पानाच्या झेरॉक्स निघाल्या, वाटल्या गेल्या. त्या वर्षी एका दुपारी मी आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होते आणि बाहेर दादा हा धडा शिकवत होता. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, लोकांचे बहुमत होते म्हणून त्यांनी सत्ता घेतली, तर मग लगेच नोव्हेंबरात निवडणूक कशी हरले? पुस्तकात तसे दिले आहे.” पुस्तकात खरोखरच तसे दिले होते, संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेव्हिकांना बहुमत मिळाले नाही आणि जानेवारी 1918 मध्ये लेनिनने ती सभा बरखास्त केली, हे तिने वाचले होते आणि आमच्या झेरॉक्सशी ताडून पाहिले होते. दादा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “ते परीक्षेला येत नाही. पुढचा मुद्दा लिहून घ्या.” मुलीने मान खाली घालून पुढचा मुद्दा लिहून घेतला. मी बाहेर जाऊन दोन वाक्यांत उत्तर देऊ शकले असते. गेले नाही, कारण क्लास दादाचा होता. त्या गोष्टीचा मला दादापेक्षा माझाच जास्त राग येतो, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

त्या मुलीला द्यायचे उत्तर हेच तुमच्या मुलाच्या नोट्सचे मुख्य पान असले पाहिजे. वहीच्या एका आडव्या पानावर तीन रकाने आखायला सांगा: पहिल्यात तारीख, दुसऱ्यात ‘कागदावर सत्ता कोणाची’ आणि तिसऱ्यात ‘प्रत्यक्षात शब्द कोणाचा चालतो’. मार्च 1917 मध्ये झार निकोलस दुसरा पायउतार झाल्यावर दुसऱ्या रकान्यात प्रिन्स ल्व्होव्हचे हंगामी सरकार येते. तिसऱ्यात पेट्रोग्राड या राजधानीचे सोव्हिएत, म्हणजे कामगार आणि सैनिकांच्या प्रतिनिधींची परिषद, येते, कारण सरकारचा लष्करी हुकूम सोव्हिएतच्या आदेशाविरुद्ध असेल तर सैनिकांनी तो पाळू नये, असा आदेश क्रमांक 1 त्या सोव्हिएतने आधीच काढलेला होता. परीक्षेत ज्याला ‘दुहेरी सत्ता’ म्हणतात ती एवढीच गोष्ट आहे, आणि ती दोन रकान्यांत समोरासमोर लिहिली की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

जूनच्या ओळीत आकडे लिहावेत. सोव्हिएतांच्या पहिल्या अखिल रशियन अधिवेशनात समाजवादी क्रांतिकारक या शेतकऱ्यांच्या पक्षाचे 285, मेन्शेव्हिकांचे 248 आणि बोल्शेव्हिकांचे 105 प्रतिनिधी होते. आज एकट्याने सत्ता घ्यायला तयार असलेला पक्ष रशियात नाही, असे मेन्शेव्हिक नेता त्सेरेतेली म्हणाला तेव्हा लेनिनने जागेवरून ‘असा पक्ष आहे’ असे उत्तर दिले आणि सभागृहात हशा पिकला. दादाच्या नोट्समधले ‘बहुसंख्य’ जूनपर्यंत 105 होते. जुलैत निदर्शने फसली, लेनिनला फिनलंडमध्ये लपावे लागले आणि केरेन्स्की पंतप्रधान झाला. ऑगस्टच्या अखेरीस सेनापती कोर्निलॉव्हचे सैन्य राजधानीकडे निघाले, त्याला अडवण्यासाठी कामगारांच्या हाती शस्त्रे गेली, आणि सप्टेंबरमध्ये पेट्रोग्राड आणि मॉस्को या दोन्ही सोव्हिएतांत बोल्शेव्हिकांना खरोखरचे बहुमत मिळाले. ऑक्टोबरमधील सत्तांतर त्या बहुमताच्या बळावर झाले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत संविधान सभेची निवडणूक सुरू झाली, तीत सारा शेतकरी रशिया मतदानाला आला, आणि बोल्शेव्हिकांना सुमारे 24 टक्के तर समाजवादी क्रांतिकारकांना सुमारे 40 टक्के मते पडली. पेट्रोग्राड आणि मॉस्को या शहरांत मात्र बोल्शेव्हिकच पुढे होते. सभा जानेवारी 1918 मध्ये तावरीद राजवाड्यात एकच दिवस भरली आणि पहाटे एका खलाशाने अध्यक्ष चेर्नोव्हला सांगितले की, पहारेकरी थकले आहेत, आता उठा.

म्हणजे बहुमत होते का? शहरांत होते, कारखान्यांत होते, सैन्याच्या काही तुकड्यांत होते, देशात नव्हते. हे वाक्य लिहायला जेवढी जागा लागते तेवढीच दादाच्या वाक्याला लागली होती, म्हणून जागा नव्हती ही त्याची सबब मी कधीच मान्य केलेली नाही.

पक्षांच्या बाबतीत मुलांचा गोंधळ होतो, कारण नोट्समध्ये प्रत्येक पक्षाखाली त्याची ‘वैशिष्ट्ये’ दिलेली असतात. त्याऐवजी प्रत्येक पक्षाला दोनच प्रश्न विचारावेत: युद्धाचे काय करणार आणि जमिनीचे काय करणार. घटनात्मक लोकशाहीवादी, ज्यांना कॅडेट म्हणतात, ते युद्ध चालू ठेवू म्हणतात आणि जमिनीचा प्रश्न पुढे ढकलतात. समाजवादी क्रांतिकारकांचा सारा जीव जमिनीत आहे, जमीनदारांची जमीन शेतकऱ्यांना मिळावी हे त्यांचे मूळ मागणे आहे, पण सरकारात बसल्यावर तेही ‘संविधान सभा येऊ द्या’ म्हणून थांबतात आणि युद्धही ओढत राहतात. मेन्शेव्हिकांना आधी भांडवलदारांची लोकशाही पुरी होऊ द्यायची आहे. लेनिन एप्रिलमध्ये परदेशातून परतल्यावर युद्ध थांबवा, जमीन ताब्यात घ्या आणि सत्ता सोव्हिएतांना द्या असे म्हणतो, आणि त्या वेळी त्याच्या स्वतःच्या पक्षातल्या पुष्कळांना ते अतिरेकी वाटते. आता यातली खरी गंमत अशी की, सत्ता घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी लेनिनने जो जमिनीचा हुकूमनामा वाचून दाखवला तो समाजवादी क्रांतिकारकांनी गोळा केलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांवरून बेतलेला होता. त्यांनी आरडाओरडा केला की हा आमचा कार्यक्रम आहे. तो होताच, पण कित्येक महिने सरकारात राहून त्यांनी तो अमलात आणला नव्हता. मुलाने एवढे समजून लिहिले तर ‘ऑक्टोबर क्रांती यशस्वी का झाली’ या पाच गुणांच्या प्रश्नाला त्याला मुद्दे पाठ करावे लागणार नाहीत.

तारखांचा घोळ सोडवायला दोन मिनिटे लागतात. फेब्रुवारी 1918 पर्यंत रशियात जुने ज्युलियन पंचांग होते आणि विसाव्या शतकात ते आपल्या कॅलेंडरच्या तेरा दिवस मागे चाले. म्हणून तिकडची 25 ऑक्टोबर ही आपली 7 नोव्हेंबर, आणि पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतील बायका भाकरीसाठी संपावर गेल्या ती तिकडची 23 फेब्रुवारी म्हणजे आपला 8 मार्च, महिला दिन. संपूर्ण उत्तरात एकच पंचांग धरावे आणि पहिल्या ओळीत तसे लिहावे. दोन पंचांगांच्या तारखा मिसळल्या की क्रांती आधी आणि झार पायउतार नंतर की उलट, हे परीक्षकालाही कळेनासे होते, आणि तो गुण कापून मोकळा होतो.

‘क्रांतीची कारणे: 1) झारची हुकूमशाही 2) दारिद्र्य 3) रास्पुतिन 4) महायुद्ध’ अशी यादी तुमच्याकडच्या नोट्समध्ये असेल तर ती खुशाल राहू द्यावी, पण तिने काहीही कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हुकूमशाही आणि दारिद्र्य शंभर वर्षे होते. मग 1905 मध्ये झार टिकला आणि 1917 मध्ये बारा वर्षांनी का टिकला नाही, याचे उत्तर यादीत नसते. ते सैन्यात आहे: 1905 मध्ये सैन्याने एकंदरीत झारचे ऐकले, 1917 मध्ये राजधानीतल्याच पलटणी जमावाला जाऊन मिळाल्या.

आता दादाच्या बाजूचे थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. नववीच्या पेपरात या धड्यावर मोजकेच गुण असतात आणि मुलाला गणित, विज्ञानही असते. माझी अठरा पाने कोणत्याही चौदा वर्षांच्या मुलाने वाचली नसती. त्यात ड्युमाच्या, म्हणजे झारच्या काळातल्या संसदेच्या, चारही निवडणुकांवर मी प्रत्येकी पाऊण पान खर्च केले होते आणि ते निव्वळ माझ्या हौसेपोटी होते. आधी शाळेचे पुस्तक दोनदा वाचावे, शिक्षकांनी वर्गात सांगितलेला उत्तराचा साचा पाळावा, आणि माझा तक्ता त्यानंतर करावा. क्लासच्या नोट्स फेकून देऊ नयेत. मुलाने हातात पेन घेऊन त्या पुस्तकाशी ताडून पाहाव्यात आणि जिथे जुळत नाही तिथे खूण करून शाळेत विचारावे.

दादा आता निवृत्त आहे आणि क्लास माझा भाचा चालवतो. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना मी तो विषय पुन्हा काढला, तेव्हा दादा म्हणाला, “सप्टेंबरमध्ये बहुमत होते हे तूच लिहिले होतेस, मग माझे चुकले कुठे?” मी म्हटले, “‘जनतेचा’ या शब्दात.” त्याने चकलीचा तुकडा मोडला आणि काही बोलला नाही. भाच्याने मात्र दुसऱ्या दिवशी फोन करून विचारले, “आत्या, तो तीन रकान्यांचा तक्ता एका पानात बसेल का?” मी बसवून दिला आहे, अक्षर थोडे बारीक झाले आहे.