‘डू द नीडफुल’ लिहू की नको? इंग्रजी लिहिणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी आयटीत आहे, क्लायंट अमेरिकेतला. मॅनेजर म्हणतात मेलमध्ये ‘प्लीज डू द नीडफुल’ आणि ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहू नकोस, ते चुकीचं इंग्रजी आहे. पण आमच्याकडे सगळेच असं लिहितात, सरकारी पत्रांतही असतं. मग चूक कसं? आणि त्याऐवजी लिहायचं काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर: याला सरसकट चूक म्हणायला माझी तयारी नाही. ‘डू द नीडफुल’ इंग्रजांनीच इथे आणलं, एकोणिसाव्या शतकात तेही सर्रास असं लिहायचे, पुढे तिकडे ते मागे पडलं आणि आपल्या अर्जांत मात्र टिकून राहिलं. ‘आउट ऑफ स्टेशन’चंही तेच, साहेबाची नेमणूक जिथे ते त्याचं स्टेशन, तिथून बाहेर गेला की आउट ऑफ स्टेशन. त्यामुळे कोणी हसलं तर लाजायचं कारण नाही.

पण तरी मॅनेजरचं ऐका, कारण अडचण वेगळीच आहे. ‘नीडफुल’ म्हणजे नक्की काय करायचं हे तुम्ही वाचणाऱ्यावर सोडून देताय. इनव्हॉइस मंजूर करून हवंय, सर्व्हरचा ॲक्सेस हवाय की नुसतं मेल मिळाला एवढं कळवायचंय? जे हवंय तेच लिहा आणि कधीपर्यंत तेही लिहा: ‘प्लीज अप्रूव्ह द अटॅच्ड इनव्हॉइस बाय थर्सडे.’ यात उद्धटपणा अजिबात नाही. आपल्याला वाटतं थेट मागितलं तर उर्मट दिसेल, म्हणून आपण गोल गोल लिहितो, आणि समोरचा दोन दिवसांनी विचारतो की मी नक्की काय करू.

‘रिव्हर्ट’ तर तुमच्या क्षेत्रात खरंच महाग पडू शकतं. भारताबाहेर बहुतेकांना त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं असाच माहीत आहे, आणि गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तर रिव्हर्ट ही केलेला बदल उलटवायची कमांडच आहे. ‘प्लीज रिव्हर्ट ऑन धिस चेंज’ वाचून कोणी तो बदल काढूनच टाकला तर त्याला बोल लावता येणार नाही. सरळ ‘प्लीज रिप्लाय’ किंवा ‘लेट मी नो’ लिहा.

तसंच ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर डिझाइन’. आपल्याला म्हणायचं असतं एक शंका विचारायची आहे, त्याला वाटतं माझ्या डिझाइनवर याचा विश्वास नाही. तिथे ‘क्वेश्चन’ लिहा. ‘प्रीपोन’ मला मनापासून आवडतो, नेटका शब्द आहे, डिक्शनऱ्यांतही आहे, पण बाहेरच्या माणसाला तो अडतो. त्याऐवजी ‘मूव्ह फॉरवर्ड’ लिहाल तर त्यातून मीटिंग अलीकडे आली की पुढे गेली यावर खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचंही एकमत होत नाही. म्हणून सरळ नवी वेळ द्या: ‘द मीटिंग इज नाऊ ऑन मंडे ॲट टेन.’ विषय संपला.

प्रश्न: मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’, ‘डिस्कस अबाउट’, ‘टुडे मॉर्निंग’, ‘कझिन ब्रदर’ हे मुलांच्या वहीतून जातच नाही हो, नियम सांगून सांगून थकले.
– शिक्षिका, सांगली

उत्तर: बाई, मुलं नियम विसरत नाहीयेत, ती मराठीचा नियम इंग्रजीत पाळतायत, आणि हे त्यांना दाखवून दिलं तर निम्मं काम तिथेच होतं असं मला वाटतं. ‘तीन वर्षांपासून काम करतोय’ यात क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि ‘पासून’ सुरुवातीलाही चालतं (‘२०२१ पासून’) आणि मुदतीलाही चालतं (‘तीन वर्षांपासून’). इंग्रजीत याचे दोन शब्द होतात, सुरुवातीला ‘सिन्स’ आणि मुदतीला ‘फॉर’, आणि क्रियापदही बदलतं: ‘आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स २०२१’ किंवा ‘फॉर थ्री इयर्स’. फळ्यावर मराठी वाक्य वर आणि इंग्रजी खाली, असं लिहून मुलांनाच फरक शोधू द्या.

‘डिस्कस अबाउट’चं मूळही असंच. आपण ‘सहलीबद्दल चर्चा केली’ म्हणतो, ते ‘बद्दल’ मुलं बरोबर घेऊन जातात. इंग्रजी ‘डिस्कस’ला ते लागत नाही, ‘वुई डिस्कस्ड द ट्रिप’. गंमत म्हणजे ‘डिस्कशन’ केलं की ‘अबाउट’ चालतं, म्हणजे मुलांचा गोंधळ अगदीच बिनबुडाचा नाही. ‘टुडे मॉर्निंग’लाही मी फार रागावणार नाही, कारण ‘यस्टरडे मॉर्निंग’ आणि ‘टुमॉरो मॉर्निंग’ चालतं, मग मधलंच का नाही असं मुलाला वाटणारच. तिथे ‘धिस मॉर्निंग’ आणि काल रात्रीला ‘लास्ट नाइट’, एवढं पाठच करून घ्यावं लागतं.

‘कझिन ब्रदर’चं मला कौतुकच आहे. ज्या मुलाकडे चुलत, मावस, मामे, आते असे चार वेगवेगळे भाऊ आहेत त्याला नुसतं ‘कझिन’ तोकडं वाटणारच, त्यातून तर मुलगा की मुलगी हेही कळत नाही. निबंधात ‘माय कझिन’ लिहायला सांगा आणि पुढच्या वाक्यात ‘ही’ किंवा ‘शी’ आपोआप येतं, काम भागतं.

तुम्ही विचारलं नाही पण ‘ओन्ली’कडेही बघा. ‘मी सांगलीतच राहतो’ हे मुलं ‘आय लिव्ह इन सांगली ओन्ली’ असं लिहितात, आणि परक्या वाचकाला वाटतं हा सांगली सोडून दुसरीकडे कुठे राहत नाही एवढंच सांगतोय. आपला ‘च’ कुठल्याही शब्दाला चिकटतो, जोर देतो. इंग्रजीत तो जोर बोलताना आवाजाने येतो, लिहिताना बहुतेक वेळा तो ‘च’ सोडूनच द्यावा लागतो.

प्रश्न: ‘इन्फर्मेशन्स’, ‘फर्निचर्स’, ‘इक्विपमेंट्स’ बरोबर का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर: नाही. तिन्हींना एस लागत नाही. मोजायचं असेल तर ‘टू पीसेस ऑफ फर्निचर’.

प्रश्न: इथे माझ्या इंग्रजीला हसणारे अमेरिकन सहकारी स्वतः ‘कुड ऑफ’ आणि ‘इररिगार्डलेस’ लिहितात. त्यांचं चालतं आणि आमचं चालत नाही, असं का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: चालत नाही, त्यांचंही नाही. ‘कुड हॅव’ भरभर बोलताना ‘कुडव्ह’ होतं, ते कानाला ‘कुड ऑफ’ ऐकू येतं आणि तसंच लिहिलं जातं. म्हणजे तो कानाने लिहिणाऱ्याचा दोष आहे, तर आपले बरेच दोष मातृभाषेतून आलेले असतात. ‘इररिगार्डलेस’ मेरियम-वेबस्टरच्या मोठ्या डिक्शनरीत १९३४ पासून आहे, पण पुढे ‘नॉनस्टँडर्ड’ असा शेरा आहे. डिक्शनरी लोक काय वापरतात ते नोंदवते, वापराच अशी शिफारस करत नाही. ‘रिगार्डलेस’ पुरे आहे. आणि हसण्याबद्दल म्हणाल तर मला ते मुळीच पटत नाही, दोन-तीन भाषांत काम करणाऱ्या माणसाच्या एका ‘सिन्स’वरून त्याची अक्कल ठरवणं हा अन्याय आहे.

प्रश्न: निवृत्त झालो तरी हात तोच, ‘विथ रेफरन्स टू द अबाव्ह साइटेड सब्जेक्ट, इट इज रिक्वेस्टेड दॅट द सेम मे काइंडली बी कन्सिडर्ड’. आता सोसायटीची पत्रं मीच लिहितो, मुलगी म्हणते कोणाला काही कळत नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: मुलीचं बरोबर आहे काका, पण ही सवय एकट्या तुमची नाही. ब्रिटिश सरकारलाही आपल्या कारकुनी भाषेचा त्रास झाला होता, तिथल्या ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्या, सांगण्यावरून अर्नेस्ट गॉवर्स या सरकारी अधिकाऱ्याने ‘प्लेन वर्ड्स’ लिहिलं ते १९४८ साली, मुद्दाम सरकारी नोकरांसाठी. अमेरिकेत तर २०१० साली कायदाच झाला की सरकारी खात्यांनी लोकांना कळेल असं लिहावं. म्हणजे जिथून ही भाषा आपल्याकडे आली तिथेच ती बदलायला घेतलीय.

तुमच्या वाक्यात कोण, काय, कधी यातलं काहीच नाही. ‘द सेम’ म्हणजे काय ते शोधायला वाचणाऱ्याला परत वर जावं लागतं. पाण्याची गळती असेल तर ‘द पाइप ऑन द थर्ड फ्लोअर हॅज बीन लीकिंग सिन्स फिफ्थ जून. प्लीज सेंड अ प्लंबर धिस वीक.’ आदर दाखवायचा तर वर ‘डिअर सर’ आणि एक ‘प्लीज’ भरपूर झालं. तारीख लिहिताना महिना मात्र अक्षरांत लिहा, कारण ५/६ हे इथे पाच जून आणि अमेरिकेत सहा मे, आणि सोसायटीतल्या निम्म्या फ्लॅटचे मालक परदेशात असतील तर त्यावरूनच मेंटेनन्सची भांडणं सुरू होतात.