दर रविवारी नव्याने

प्रिय बाळा,

पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या चर्चची सल्लागार समिती, सोडायचा विचार आहे म्हणतोस... "इथं काही बदलतच नाही." तुझं हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही.

माझी आजी लॅटिन मिस्सेला, म्हणजे लॅटिन भाषेतल्या चर्चच्या मुख्य उपासनेला, जायची. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ. एक शब्द कळत नसल्यानं ती मागच्या बाकावर रोजरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत बसे. 4 डिसेंबर 1963 ला दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि काही वर्षांत मिस्सा मराठीत आली. फादरांना पहिल्यांदा आपल्या भाषेत उत्तर देताना आजी रडली. मी शेजारीच होतो.

आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड वाचताना मला तीच सकाळ आठवते. हा इंग्रज गणिती आणि तत्त्वज्ञ, अँग्लिकन पाद्र्याचा मुलगा. जगाच्या मुळाशी वस्तू नसून घटना आहेत, असं त्यानं 1929 मध्ये मांडलं. प्रत्येक क्षण मागचं सगळं आत घेतो, स्वतःची थोडी भर घालतो आणि पुढच्याच्या हाती देऊन सरतो. म्हणजे दगडी चर्च उभंच असतं, पण ख्रिस्तसभा, म्हणजे श्रद्धावंतांची मंडळी, दर रविवारी घडावी लागते. आपण मात्र गेला रविवार जसाच्या तसा उचलून आजच्या जागी ठेवतो. तुला खुपतंय ते हेच ना?

व्हाइटहेडचा देव जबरदस्ती करत नाही, प्रत्येक क्षणाला अधिक चांगल्याकडे बोलावत राहतो, आणि आपलं दुःख त्यालाही पोचतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात मात्र हे ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून सांगू नकोस. देव अविकारी, म्हणजे कधीच न बदलणारा, आहे, असं पहिल्या व्हॅटिकन महासभेनं 1870 मध्ये ठामपणे म्हटलंय. जोसेफ ब्रॅकन या अमेरिकन येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूनं व्हाइटहेडचे विचार आणि पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) यांची सांगड घालायचा प्रयत्न केला, तो सावकाश वाच. मला स्वतःला क्रुसाकडे पाहून 'देवाला काहीच होत नाही' असं म्हणवत नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये रोमच्या सिनडमध्ये, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या परिषदेत, स्त्रियांनी प्रथमच मतदान केलं. सगळे गोल टेबलांभोवती बसले होते. आधी ऐकायचं, मध्ये शांत राहायचं, मग बोलायचं. एवढं तर आपल्या हॉलमध्येही जमेल. पुढच्या बैठकीत खुर्च्या गोल मांड. फादरांना आधी सांग, त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको. अजेंड्यावर एकच विषय ठेव.

आणि येत्या रविवारी मिस्सेनंतर मागच्या बाकावरच्या आजींजवळ जाऊन बस. काय बदलावंसं वाटतं, ते त्यांना विचार. इतकी वर्षं बैठका झाल्या, पण त्यांना कुणी बोलावलं नाही, मीही नाही. त्या काय म्हणाल्या ते मला कळव. राजीनामा तोवर ड्रॉवरमध्येच राहू दे.

तुझे सर