नकार लेखी माग

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. बँकेने चालू खातं नाकारलं, गेटवेकडे पैसे अडकले, सगळं कळलं. पेमेंट गेटवेच्या, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुझ्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीच्या, नव्या अर्जात मालाच्या रकान्यात ‘भांगेच्या बिया’ लिहिण्याऐवजी ‘हर्बल उत्पादने’ लिहू का, आणि तेही जमलं नाही तर दादाच्या किराणा फर्मच्या खात्यावर पैसे घेऊ का, असं विचारलंयस. दोन्हीला उत्तर एकच. नाही.

नीतिपाठ द्यायला हे लिहीत नाही. आज तुझ्याकडे दोष देण्यासारखं काही नाही, हेच तुझं बळ आहे. मालाचं नाव बदललंस की बँकेच्या आणि गेटवेच्या हातात नकाराचं खरं कारण येईल. कार्डाच्या व्यवहारात प्रत्येक दुकानाला चार आकडी वर्ग-क्रमांक असतो. चुकीच्या वर्गात माल विकणं किंवा दुसऱ्याच्या खात्यातून स्वतःची विक्री फिरवणं हा करारभंग धरतात. मास्टरकार्डची ‘मॅच’ नावाची यादी असते. अशा कारणांवरून ज्या दुकानदाराचा करार मोडला त्याचं नाव तिच्यात जातं, पाच वर्षं राहतं, आणि पुढची बँक अर्ज हातात घेतला की आधी ती यादी बघते. तू तर बुडशीलच, दादाची फर्मही ओढली जाईल.

बाकी जे करायचं ते एका ओळीचं आहे: नकार लेखी माग. इथे इंदुरात बँकेच्या विजयनगर शाखेत त्या मुलाने तुला सांगितलं, ‘मॅडम, या टाइपच्या मालासाठी आम्ही करंट अकाउंट देत नाही.’ तू ‘बरं’ म्हणून उठून आलीस. का उठलीस? ‘हे मला कागदावर द्या,’ एवढं म्हणायचं होतं. मी तीसेक वर्षं काउंटरच्या त्या बाजूला बसले आहे. कागद म्हटलं की त्याच खुर्चीतला तोच माणूस कसा बदलतो ते मी पाहिलंय. तोंडी नकाराला काही खर्च नसतो. लेखी नकार द्यायचा तर नियम शोधावा लागतो, कुणाला तरी सही करावी लागते, आणि पुष्कळदा त्या शोधातच कळतं की असा नियम नाहीच.

कायदा तुला पाठ आहे, तरी तुझ्या काकांनी आणि आत्याने जेवताना ‘गांजाचा धंदा’ म्हणून तुला रडवलं म्हणून पुन्हा लिहिते. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाची व्याख्या शेंड्याकडच्या फुलाफळांची आहे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्या व्याख्येबाहेर आहेत. म्हणून तर आपल्याकडे भांगेची परवान्याची दुकानं आहेत आणि त्यांचं शुल्क आबकारी खात्यात जमा होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, त्यातल्या टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याची, कमाल मर्यादाही ठरवून दिली. उत्तराखंडात कुमाऊंकडे या बियांची चटणी घरोघरी करतात. तुझा माल तिथूनच येतो, तपासणीचा अहवाल तुझ्या फाइलमध्ये आहे.

आणि आत्याला हे विचार: दिवाळीत अनारसे कशावर थापता? खसखशीवर. ती खसखस अफूच्याच बोंडातली. त्याच कायद्यात ‘पॉपी स्ट्रॉ’ची, म्हणजे कापणीनंतरच्या अफूच्या झाडाची, व्याख्या करताना ‘बिया वगळून’ असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या सियागंज बाजारात पोत्यांनी खसखस विकली जाते, दुकानाबाहेर क्यूआर कोड लावलेला असतो, आणि कुठल्याही बँकेला त्याचं वावडं नाही. दोन झाडं, दोन्हींच्या बिया कायद्याने मोकळ्या, पण एकीला गिऱ्हाईक आणि दुसरीला चौकशी. हा फरक कायद्याने केलेला नाही, कुणाच्या तरी मनातल्या भीतीने केलाय. आणि हा माळवा आहे, मुली. एकोणिसाव्या शतकात इथली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, आणि इंदूर-उज्जैनच्या पेढ्यांनी त्या व्यापारात पैसा घातला आणि कमावलाही. तो व्यापार चांगला होता असं मी मुळीच म्हणत नाही. पण ज्या प्रांतात आजही नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यावर अफू पिकते आणि ज्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोकडे त्याचं नियंत्रण आहे त्याचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरात आहे, तिथे वाण्याच्या बियांना घाबरणाऱ्या बँकेकडे कारण मागायला लाजायचं कशाला?

बँकेची बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. मनी लॉन्डरिंगचा कायदा २००२ चा आहे, केवायसीत चूक झाली तर दंड बँकेला बसतो, ऑडिटला उत्तर शाखाधिकाऱ्याला द्यावं लागतं. एका छोट्या खात्यातून बँकेला मिळतं किती? त्यासाठी मान कोण अडकवणार? म्हणून सोपी वाट निघते: अख्खा धंदाच ‘हाय रिस्क’ म्हणायचा आणि प्रत्येक माणसाला पारखण्याची झंझट टाळायची. गेटवेवाला म्हणतो आमच्या बँकेचं धोरण आहे, बँक म्हणते कार्ड कंपनीचं आहे, आणि कार्ड कंपनीपर्यंत तुझा फोन पोचतच नाही. नाही म्हणण्याचा हक्क त्यांना आहे, मी मानते. नाव न सांगता, कारण न देता, सही न करता नाही म्हणण्याचा हक्क त्यांना नाही.

लेखी नकाराने काय होतं ते बघ. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना सांगितलं की क्रिप्टो चलनाचे व्यवहार करणाऱ्यांना सेवा देऊ नका, असलेली खाती तीन महिन्यांत मोकळी करा. क्रिप्टोविषयी मला कवडीचं प्रेम नाही, माझ्या मुलाला मी त्यापासून लांबच ठेवलं. पण ते चलन बाळगायला कायद्याने बंदी नव्हती, आणि बंदी नसलेल्या धंद्याचा बँकेचा नळ मात्र बंद झाला. इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ४ मार्च २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते परिपत्रक रद्द केलं. आधार होता राज्यघटनेच्या १९(१)(छ) कलमातल्या व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा, आणि रिझर्व्ह बँकेला तिच्या देखरेखीखालच्या एकाही संस्थेचं नुकसान झाल्याचं दाखवता आलं नव्हतं. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की आव्हान देता आलं, कारण तो नकार कागदावर होता. त्याला तारीख होती, सही होती. तरीही कॉइनेक्ससारखं क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचं एक्स्चेंज निकाल लागण्याआधी २०१९ मध्येच बंद पडलं होतं, आणि निकालानंतरही काही बँका ग्राहकांना तेच मेलेलं परिपत्रक दाखवत राहिल्या. शेवटी ३१ मे २०२१ ला रिझर्व्ह बँकेला पुन्हा लिहून सांगावं लागलं की त्याचा हवाला देऊ नका.

याच्या उलट अमेरिकेत झालं. २०१३ मध्ये तिथल्या न्याय खात्याने ‘ऑपरेशन चोक पॉइंट’ सुरू केलं. पुढच्या पगारावर उसने पैसे देणारे, बंदुकीच्या गोळ्या विकणारे, असे कायदेशीर पण बदनाम धंदे बँकांच्या मार्फत आवळायचे. संसदेत कायदा नाही, धंद्यावर बंदी नाही, फक्त बँकांवर दाब. खाती बंद झाली त्यांतल्या कित्येकांना नेमकं कुणाशी भांडावं तेच कळेना. ऑगस्ट २०१७ मध्ये ते गुंडाळलं. बंदूकवाल्यांविषयी माझं मत काय आहे ते तुला ठाऊक आहे. तरी म्हणते, बंदी घालायची तर विधिमंडळात उभं राहून घाला. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, त्यांचे पैसे बँकांनी आणि गेटवेंनी पुढे पाठवू नयेत हेही त्याच कायद्यात लिहिलं. पटो न पटो, तो छापील कायदा आहे, ज्यांना पटला नाही ते न्यायालयात गेले. तुझ्या बियांवर असा कोणता कायदा आहे? नाही ना. मग विजयनगरच्या शाखेला तो करू देऊ नकोस.

तू म्हणशील, मावशी हे सगळं बोलायला सोपं आहे. सोपं नव्हतं गं. मी शाखाधिकारी होते तेव्हा एका परवानाधारक भांग ठेकेदाराचं चालू खातं माझ्याकडे होतं. कागदपत्रं चोख, शुल्क वेळेवर, एक चेक कधी परत गेला नाही. वरून फोन आला, ‘ते खातं गुंडाळा, बँकेची शोभा जाते.’ मी म्हटलं, लेखी पाठवा, उद्या बंद करते. लेखी आलं नाही. पुन्हा फोन आला, मी पुन्हा तेच म्हटलं. पुढच्या बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं आणि मुलगा दहावीत असताना माझी बदली झाबुआला झाली. त्या वर्षी तो वडिलांच्या हातचं खाऊन परीक्षेला बसला. ते वर्ष मला कुणी परत देणार नाही. माझ्या जागी आलेल्या साहेबांनी तोंडी शब्दावर ते खातं बंद केलं, ठेकेदाराने पुढच्या वर्षी परवाना सोडला. त्याच्याकडे दाखवायला एक चिठ्ठीही नव्हती, म्हणून तो कुठे तक्रार करू शकला नाही.

घरी अजून ऐकते की मी भांगवाल्यासाठी संसार पणाला लावला. भांगवाल्यासाठी नाही लावला. ज्या हुकुमावर सही करायला हुकूम देणाराच तयार नाही, तो मी का पाळायचा? आज परत तसा फोन आला तरी माझं उत्तर बदलणार नाही. माझ्या मागून कुणी लेखी मागितलं असतं तर त्या माणसाचा धंदा कदाचित टिकला असता, ही चुटपुट मात्र जात नाही. म्हणून तुझ्यावर एवढी तडकले. रागावू नकोस.

आता काम. शाखेच्या नावे साधं पत्र लिही: अमुक तारखेला चालू खात्यासाठी आले, हा माझा माल, हा अन्नसुरक्षा परवाना, हा तपासणी अहवाल, खातं नाकारण्याचं कारण लेखी कळवावं. दोन प्रती ने. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नकोस. शिक्का देत नसतील तर घरी येऊन स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत लिहिलंय की ग्राहक स्वीकारण्याच्या धोरणामुळे सर्वसामान्यांना, विशेषतः दुर्बळांना, बँकसेवा नाकारली जाता कामा नये. ते वाक्य पत्रात घाल. गेटवेकडे अडकलेल्या पैशांसाठी त्यांच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला वेगळी मेल कर. पेमेंट अ‍ॅग्रिगेटरने, म्हणजे दुकानदारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या अशा कंपनीने, असा अधिकारी नेमावा हे २०२० पासून बंधनकारक आहे. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी मेलने त्यांना कळव की आपलं असं बोलणं झालं.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. पण तिथली अडचण आधीच सांगते: बँकेचा व्यावसायिक निर्णय लोकपालाच्या कक्षेबाहेर आहे. ते ‘व्यावसायिक निर्णय’ म्हणून मोकळे होतील. होऊ देत, पण तेही लिहून. तसा कागद हातात असला तर दुसऱ्या बँकेत तू फसवणुकीवरून काढलेली नाहीस हे दाखवता येतं. दुसरी बँक निवडताना सरकारी बँक बघ. ती घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ आहे, मनमानी केली तर आपल्या इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका करता येते. खासगी बँकेविरुद्ध तो रस्ता जवळजवळ बंद आहे, सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच तसं म्हटलंय.

तोवर पैसे कसे येतील, हे तू मला विचारलंच नाहीस आणि रात्रभर जागलीस. ओळखीच्या दुकानदारांना बिलावर माल दे, एनईएफटी तुझ्या आताच्या बचत खात्यात न घेता चालू खातं होईपर्यंत चेक घेऊन ठेव. नवरात्रीच्या मोठ्या ऑर्डरी आत्ता घेऊ नकोस. विक्री थोडी थांबली तर थांबू दे.

पत्राचा मसुदा आधी मला पाठव, शाखेत एकटी जाऊ नकोस. सोमवारी सकाळी मी मोकळी आहे, राजवाड्यापाशी भेट, तिथून सिटी बसने विजयनगरला जाऊ. माझ्या पिशवीत शाईचं पेन असेल, त्या शाखेतल्या दोरीच्या पेनावर अवलंबून राहायला नको. परवान्याच्या आणि अहवालाच्या झेरॉक्स प्रती मात्र तू आण, त्यावर स्वतःची सही करून.

तुझी,
मावशी