बॉयलरच्या कोळशाला कर्नाटकाचा इमिशन फॅक्टर लावायचा की महाराष्ट्राचा?

प्रश्न: कर्नाटकातल्या चिक्कोडी तालुक्यात आमचं छोटं युनिट आहे. बॉयलरला कोळसा आणि बगॅस (रस काढून उरलेलं उसाचं चिपाड), लाईट गेली की डिझेल जनरेटर. कोल्हापूरच्या ग्राहकाने कार्बनचा हिशेब मागितलाय. फॅक्टर कुठल्या राज्याचे घ्यायचे?

उत्तर: कुठल्याच राज्याचे नाहीत. इमिशन फॅक्टर म्हणजे इंधन जाळल्यावर किती कार्बन डायऑक्साइड निघतो त्याचा ठरलेला आकडा, आणि इंधनाचे फॅक्टर देशाचे असतात. कर्नाटकातल्या निपाणीत जळलेलं डिझेल आणि महाराष्ट्रातल्या कागलात जळलेलं डिझेल एकच. विजेच्या बाबतीत मात्र सीमा खरंच आडवी यायची. केंद्रीय विद्युत प्राधिकरण बेळगाव दक्षिण ग्रिडमध्ये धरायचं आणि कोल्हापूर दुसऱ्या ग्रिडमध्ये. 31 डिसेंबर 2013 ला दक्षिण ग्रिड बाकी देशाला जोडली गेली आणि आता सगळीकडे एकच आकडा चालतो. तुमच्या शीटमध्ये ‘दक्षिण ग्रिड’ असा रकाना असेल तर ती शीट जुनी आहे, वापरू नका.

पण पैज लावून सांगतो, तुमचा हिशेब विजेत चुकणार नाही, कोळशात चुकेल. मी तपासलेल्या एका शीटमध्ये आयपीसीसीचा (हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा) बिट्युमिनस कोळसा सरळ उचलला होता: टनाला 25.8 गिगाज्यूल उष्णता (हा उष्मांक), गिगाज्यूलला 94.6 किलो कार्बन डायऑक्साइड (हा फॅक्टर). म्हणजे टनाला 2.44 टन कार्बन डायऑक्साइड. भारताच्या 2010 च्या राष्ट्रीय उत्सर्जन यादीत नॉन-कोकिंग (बॉयलरमध्ये जाळायच्या) कोळशाला 19.63 गिगाज्यूल आणि 95.81 किलो आहे, म्हणजे 1.88 टन. हजार टनांमागे 560 टन उगाच स्वतःच्या नावावर. आपल्या कोळशात राख जास्त, आणि राख जळत नाही. म्हणून फरक पडतो तो उष्मांकात, फॅक्टर जवळपास तेवढाच राहतो.

तुमच्याकडे लॅबचा रिपोर्ट असेल तर राष्ट्रीय सरासरीही सोडा. मात्र रिपोर्ट नीट वाचा. समजा किलोला 4200 किलोकॅलरी लिहिलंय, पण ते एअर ड्राइड, म्हणजे हवेत वाळवलेल्या नमुन्याचं, 6 टक्के ओलाव्यावर. काट्यावर आलेल्या ट्रकमध्ये एकूण ओलावा 14 टक्के. मग 4200 गुणिले 86 भागिले 94, म्हणजे 3843. त्याला 4.1868 ने गुणून 1000 ने भागा: 16.09 गिगाज्यूल. हा झाला ग्रॉस, फॅक्टर मात्र नेट उष्मांकावर (पाण्याच्या वाफेबरोबर जाणारी उष्णता वजा करून) बसवलेले असतात. कोळशाला 5 टक्के कमी करा, 15.28 येईल. गुणिले 95.81, म्हणजे टनाला 1.46 टन. शीटमध्ये याच ट्रकला 2.44 लावलं होतं! पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या ढिगाचा ओलावा दर खेपेला मोजा, नाहीतर तुम्ही पाणीच कोळसा म्हणून जाळताय असा हिशेब होतो.

डिझेल सोपं आहे. घनता 0.832, उष्मांक 43, फॅक्टर 74.1, म्हणजे लिटरला 2.65 किलो. एकाच टाकीतून जनरेटर आणि ट्रॅक्टर भरत असाल तर रजिस्टर वेगळं ठेवा.

आता बगॅस. ‘बगॅस शून्य असतं, लिहूच नका’ हे वाक्य आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात इतक्यांदा ऐकलंय की इथे स्पष्टच सांगतो: हे चूक आहे. त्याचा कार्बन डायऑक्साइड बेरजेत धरत नाहीत हे खरं, कारण उसाने तो हवेतूनच घेतलेला असतो. पण तो वेगळ्या ओळीत लिहावाच लागतो. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तर बेरजेतच येतात. गिगाज्यूलला 30 ग्रॅम आणि 4 ग्रॅम. ओल्या बगॅसचा, म्हणजे 50 टक्के पाणी असलेल्याचा, नेट उष्मांक साधारण 7.6 गिगाज्यूल. त्यामुळे मिथेन 228 ग्रॅम, नायट्रस ऑक्साइड 30 ग्रॅम. 28 आणि 265 ने (हे वायू कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतात ते आकडे) गुणून बेरीज केली की टनाला सुमारे 14 किलो येतं. पाच हजार टनांना 72 टन. ते शून्य नाही. काहीजण इथे 11.6 चा, घन बायोमासचा सर्वसाधारण उष्मांक घालून 22 किलो काढतात, ओल्या बगॅसला तेही चूकच.

एक राहिलं. ओलावा फार जास्त असेल तर कोळशाचा तो 5 टक्क्यांचा नियम ढिला पडतो. तेव्हा लॅबकडूनच नेट उष्मांक मागा. आणि हे फॅक्टर सगळा कार्बन जळाला असं धरतात. राखेतला न जळलेला कार्बन तुम्ही मोजत असाल तर तेवढा वजा करता येतो, पण मोजल्याचा कागद फाइलला लावून.